तांबड्याचा रविवार

अव्वा,

आज सोमवार आहे आणि मी सकाळपासून हातपाय हलवलेले नाहीत. सूनबाईनं चहा आणून दिला, तोही बसल्या जागी प्याले. मग चर्चच्या मंडळीतल्या दोन बाया बोलवायला आल्या. सोमवारी त्यांचं शिवणकाम असतं, गरिबाच्या लेकरांसाठी झबली-टोपडी शिवतात, आणि सगळ्यात जुनी म्हणून मला मध्ये बसवायची त्यांची फार हौस. मी गुडघे धरले आणि म्हटलं, बायांनो, आज फार दुखायलेत. त्यांनी तिथंच डोळे मिटून माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. चांगली लांबलचक होती. डावा आणि उजवा असे दोन्ही गुडघे त्यांनी वेगवेगळे देवाच्या हाती दिले. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला वाटतं म्हातारी आळशी झाली. रविवारी देवाचा दिवस म्हणून बसते आणि सोमवारी रविवारचा शीण काढते. तिला बैलाची गोष्ट कुठून सांगू? तिनं बैल पाहिलाय तो नौबादच्या रस्त्यावर, बसगाडीला हॉर्न वाजवायला लावणारा. म्हणून तुलाच, माझ्या आईलाच, लिहायला बसले. लिहिणं हे काही काम नाही, असं मी धरून चालते.

कमठाण्यात आपण घरात मराठी बोलायचो, बांधावर कानडी, कचेरीचं कुणी आलं तर मोडकी उर्दू, आणि पाटलासमोर गप्प. गप्प बसणं ही आपली चौथी भाषा होती आणि ती सगळ्यात चांगली यायची. गावकुसाबाहेरच्या माणसांना वेठ चुकत नव्हती. पाटलाचा माणूस वस्तीच्या तोंडाशी उभा राहून हाळी द्यायचा, की हातातली भाकरी टाकून निघायचं. चावडी झाडायची, साहेबाच्या घोड्याला गवत आणायचं, कुणाचं गाठोडं पुढच्या गावापर्यंत डोक्यावर न्यायचं, कुणी मेलं तर खड्डा खणायचा. मोबदला म्हणजे शिव्या, आणि बरा दिवस असेल तर उरलेलं अन्न. आठवड्याला सात वार असतात हे आपल्याला ऐकून ठाऊक होतं, पण त्यातला एकही आपल्या मालकीचा नव्हता.

मग वस्तीनं बाप्तिस्मा घेतला आणि बीदरहून सायकलीवर येणारे पाळकबाबा पाटलासमोर जाऊन बसले. शुद्ध उर्दूत बोलत होते म्हणे. पाटलाला अर्धं कळलं नसणार, पण उर्दू ऐकली की माणूस सरकारी वाटायचा. शेवटी ठरलं की रविवार आपल्या प्रार्थनेचा, त्या दिवशी वेठीला बोलावणं नाही. पाटील हसत म्हणाला, मान्य आहे, पण खरोखर देवाचा दिवस असला पाहिजे. ज्या रविवारी यांच्यातलं कुणी स्वतःच्या रानात राबताना दिसेल, त्या रविवारपासून आधी माझं काम. ही गोष्ट पाळकबाबांनी येऊन वस्तीत सांगितली आणि पाटलाच्या माणसानंही लक्षात ठेवली. त्याला दर रविवारी आपल्या वस्तीवरून चक्कर मारायची गोडी लागली.

त्यानंतर तू रविवार जो पाळलास, तो दहा आज्ञा आणणाऱ्या मोशेनंही पाळला नसेल. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांच्या भाकरी. रविवारी माझ्या डोक्यातली ऊसुद्धा तू मारायची नाहीस. बोटाला लागली तर परत सोडायचीस आणि उद्या बघते म्हणून तिला दम द्यायचीस. एकदा कोंबडीनं रविवारी अंडं घातलं, तर ते सोमवार उजाडेपर्यंत जागेवरून हललं नाही. मी म्हटलं, अव्वा, मुंगूस नेईल. तू म्हणालीस, कोंबडीला समज न्हाई, आपल्याला हाय. मुंगसालाही समज नव्हती, त्यानं नेलं.

मी बीदरच्या मिशनच्या शाळेतून शिकून घरी आलेले ते वर्ष. सोळा-सतराची होते, चार बुकं वाचल्यानं नाक वर होतं. बाप जाऊन दोन पावसाळे झाले होते. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून रोज दिवेलागणीला चुलीपुढं मी शास्त्र वाचायचं आणि तू भाकरी थापत ऐकायचं. त्या संध्याकाळी दहा आज्ञा निघाल्या. विसाव्याच्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या मुलानं करू नये, मुलीनं करू नये, चाकरानं करू नये, इथपर्यंत तुझा हात चालू होता. पुढं बैलाचं नाव आलं आणि हात थांबला.

“परत वाच,” तू म्हणालीस.

परत वाचलं.

“बैल म्हणलंय? उगं तुझ्या मनानं घातली न्हाईस न्हवं?”

मी शपथ घेतली नाही, कारण शपथेची मनाई त्याच पुस्तकात होती, पण बोट ठेवून दाखवलं. तुला अक्षर कळत नव्हतं तरी तू वाकून त्या जागेकडं बराच वेळ बघितलंस. मग पिठाच्या हातानंच गोठ्यात गेलीस आणि तांबड्याला सांगून आलीस. तव्यावरची भाकरी जळली, ती मला खावी लागली. देवानं आपल्या बैलाचं नाव घेतलंय, पाटलाच्या घोड्याचं घेतलं नाही, हे तू त्या रात्री झोपेपर्यंत किती वेळा म्हणालीस. मला तेव्हा हसू येत होतं.

तांबड्याचा चेहरा मात्र असा होता की त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. मुळात कामाचा आळशी, एक शिंग बाहेर वळलेलं, आणि पोट असं की तो बसला की गोठ्यात दुसऱ्याला जागा नाही. बापानं मागं ठेवलं ते एवढंच, एक बैल आणि ओढ्याकाठचं इनामी रान. एका बैलानं शेती होत नाही, म्हणून आपली अण्णांशी सावड होती; त्यांचा एक बैल, आपला एक, जू एकच, आज त्यांच्या रानात तर उद्या आपल्या. अण्णा लिंगायत, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, डोक्याला भलामोठा रुमाल. बोलायच्या आधी प्रत्येक शब्द रवंथ केल्यासारखा फिरवायचे. आपल्या हातचं पाणी ते पीत नव्हते. त्यांचा तांब्या लिंबाच्या फांदीला वेगळा टांगलेला असायचा. पण सावडीच्या व्यवहारात त्यांनी कधी काटा मारला नाही. आपल्यासारख्यांशी सावड करणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तू बांधावर जाऊन त्यांना सांगितलंस की इथून पुढं रविवारी तांबडा जुपायचा नाही. अण्णांनी बराच वेळ विचार केला.

“बैलाला बाप्तिस्मा दिलीस काय?”

“त्याला न्हाई, मला,” तू म्हणालीस. “पर शास्त्रात त्याचं नाव हाय.”

“आमचा पांढरा सोमवारी जुपत न्हाई. बसवण्णाचा दिवस.”

ते तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. अण्णांच्या घरात बैल म्हणजे बसवण्णा, शिवाचा नंदी; सोमवारी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याला धुवायचं, शिंगांना तेल लावायचं, त्याच्या पाया पडायचं. म्हणजे आता एका जोडीतला एक रविवारी बसणार आणि दुसरा सोमवारी. अण्णा म्हणाले, बरं. त्यांना काही अडचण वाटली नाही, कारण रान मोकळं होतं. गाव मात्र पोट धरून हसलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं पारावरची माणसं म्हणायला लागली. कुणाचा गुण कुणाला लागला यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. बैलांचं मात्र झालं. महिन्याभरात तांबडा सोमवारीही डोळे मिटून बसू लागला आणि पांढरा आपल्या प्रार्थनेची घंटा ऐकली की खाली टेकू लागला. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा होता, पण बैलांना ते चालत होतं.

अडचण आली ती जोंधळ्याच्या पेरणीला. त्या साली हस्ताचा पाऊस लांबला. सगळे वर बघून बघून मानेनं वाकडे झाले, तेव्हा कुठं शुक्रवारी आणि शनिवारी तो कोसळला. रविवारी सकाळी ऊन पडलं, वारा सुटला आणि आपलं रान वाफशावर आलं. मुठीत घेतली तर माती ढेकूळ होईल आणि सोडली तर सुटेल, अशी. अण्णांची जमीन काळी, खोल, चार दिवस ओल धरणारी. आपली मुरमाड, दोन दिवस वारा लागला की वाळून खडखडीत. त्या ओलीवर पेरलं तरच वर्षाचा जोंधळा घरात येणार होता. नाही पेरलं तर मी बीदरला कुणाच्या तरी घरी भांडी घासायला आणि तू पाटलाच्या दारात, हे मला न शिकवताही कळत होतं.

आपण प्रार्थनेच्या खोलीत बसलो होतो, कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन. पाळकबाबांचा उपदेश रंगात आला होता. तेवढ्यात दाराबाहेर रुमाल दिसला. अण्णा आपल्या वस्तीत त्याआधी कधी आले नव्हते. ते उंबऱ्यापासून दोन हात लांब उभे राहिले आणि उपदेश संपायची वाट बघू लागले. पाळकबाबांनी तो लगेच संपवला, आयुष्यात पहिल्यांदा.

“बाई, तुझं रान वाळायलंय,” अण्णा म्हणाले. “माझं थांबतंय. तांबड्याला सोड, आत्ता पेरून घेऊ.”

तू नकाराची मान हलवलीस. अण्णा पाळकबाबांकडं वळले आणि तुमच्या धर्मात यावर काही उपाय आहे का, असं अदबीनं विचारलं. पाळकबाबा घामाघूम झाले. त्यांना बाहेर समोरच्या बांधावर बिडी ओढत बसलेला पाटलाचा माणूसही दिसत होता. त्यांनी घसा साफ करून सांगितलं की प्रभूनंच म्हटलंय, विसाव्याच्या दिवशी कुणाचा बैल खड्ड्यात पडला तर त्याला ओढून काढायला हरकत नाही. अण्णांनी हे नीट ऐकलं, मनात फिरवलं, आणि मग विचारलं की खड्डा केवढा खोल लागतो.

पाळकबाबांना शिकताना हे कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, साधारण... बैल पडेल एवढा. अण्णा म्हणाले, मी खोरं घेऊन येतो, तुझ्या रानाच्या कडेलाच खणतो, तांबड्याला त्यात उतरवू, मग ओढून काढू, आणि काढताना मागं पेरायची तिफण बांधलेली असली तर तुमच्या देवाला काय त्रास आहे. अव्वा, ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर कणव होती. आणि तांबडा तेव्हा असा पसरला होता की खड्डा असता तरी तो त्यात पडायला उठला नसता.

“खड्ड्यात पडावं लागतंय, अण्णा,” तू म्हणालीस. “खड्डा खणायचा नसतोय.”

अण्णांचं तोंड लाल झालं. ते इतकंच म्हणाले की उद्या माझा सोमवार आहे, आणि निघून गेले. पाटलाच्या माणसानं बिडी विझवली. मी घरी येऊन तुझ्याशी भांडले. म्हटलं, पाटलाचं काय ते नंतर बघू, आधी पोटाचं बघ. शिकलेल्या पोरीला जेवढा अपमान करता येतो तेवढा केला. तू शिळी भाकरी खात बसलीस आणि वाऱ्याकडं कान देत होतीस. एकदा रविवार मोडला की त्यो परत जुळत न्हाई, एवढंच बोललीस. तू त्या दिवशी पाणीसुद्धा कमी प्यालीस, ते आणणं काम होईल म्हणून.

सोमवारी उजाडायच्या आत तू मला घेऊन अण्णांच्या अंगणाबाहेर जाऊन उभी राहिलीस. आपण उभं राहायचो त्याच जागी, आत नाही. अण्णा पांढऱ्याला धूत होते. अक्का, म्हणजे त्यांची बायको, तेलाची वाटी घेऊन थांबल्या होत्या. तू सरळ पांढरा मागितलास. अण्णांनी वरही न बघता सांगितलं, आज न्हाई. बरोबरच होतं. मला तर आतून बरं वाटलं. म्हटलं, बघ आता कशी जिरली. तेव्हा तू त्यांना पाटलाची अट सांगितलीस. रविवारी बैल दिसला तर माझा रविवार गेला, आणि माझ्या एकटीचा नाही, सगळ्या वस्तीचा. आठवड्यातला एक दिवस आम्हाला माणसासारखं बसायला मिळतो, तो एका पेरणीपायी कसा घालवू, असं तू म्हणालीस. रडली नाहीस. नुसती पदर पिळत होतीस.

अण्णांचा हात बैलाच्या पाठीवर तसाच राहिला. रविवारची सूट त्यांना ठाऊक होती, अट ठाऊक नव्हती. गावाला आपल्या सवलती लगेच कळायच्या, त्यांची किंमत कळायची नाही.

“मग काल कामून सांगितली न्हाईस?”

“काल सांगितलं असतं तर तुमी खरंच खड्डा खणला असता.”

अण्णा हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज होत नव्हता, नुसता रुमाल हलत होता. मग त्यांनी पांढऱ्याच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला, वाटी अक्कांच्या हातात परत दिली आणि अंगरखा काढायला लागले.

“सोमवार बैलाचा हाय,” ते म्हणाले. “माझा न्हाई. चल.”

पुढचं मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. जुवाच्या एका बाजूला तांबडा आणि दुसऱ्या बाजूला तू आणि अण्णा. तुम्हा दोघांचा स्पर्श होऊ नये म्हणून अण्णांनी मध्ये आपली घोंगडी टांगली. मागं तिफणीवर मी, एका हातानं रुमणं, म्हणजे तिची मूठ, दाबायचं आणि दुसऱ्या हातानं चाड्यातून बी सोडायचं. हाकायला कुणी लागलं नाही, कारण जोडीतले दोघे स्वतःच एकमेकांना हाकत होते. तू मराठीत म्हणायचीस जरा डावीकडं, अण्णा कानडीत म्हणायचे बलक्के, म्हणजे उजवीकडं, आणि तांबडा दोघांकडं दुर्लक्ष करून ओढ्याकडं निघायचा. मध्येच थांबून तो मान वळवून नव्या जोडीदाराकडं बघायचा. एवढा मोठा रुमाल बांधलेला बैल त्यानं पाहिला नव्हता. ताकद त्याच्या बाजूला जास्त, म्हणून प्रत्येक फेरीला तिफण वाकायची आणि पेरलेली ओळ विळ्यासारखी वळायची. मी सुरुवातीला ओरडून सांगितलं, मग नाद सोडला. थोड्या फेऱ्यांनी ती घोंगडी घसरून मातीत पडली. तुम्ही दोघांनीही ती बघितली. पुढच्या फेरीला तिच्यावरून गेलात. कुणी उचलली नाही.

ऊन चढल्यावर पाटलाचा माणूस बांधावर आला. आपल्याला पकडायला आलेला माणूस आपल्याला बघून एवढा घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“अण्णा, ह्ये काय करायलाव?”

“रविवारी हिचा बैल बसतोय, सोमवारी माझा,” अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “उरलो आमी दोघं. पाटलाला जाऊन सांग, हिचा रविवार खरा हाय, मी जुवात मान घालून बघितलाय.”

तो गेला. पाटील ऐकून खूप हसला म्हणतात. हसला तर हसला, पण वस्तीचा रविवार त्यानंतर त्यानं पुन्हा उकरला नाही. जी बाई रविवार मोडण्याऐवजी सोमवारी स्वतः जुवाला खांदा देते, तिला रविवारी बोलावून काय मिळणार, असं त्याच्या व्यवहारी डोक्यात आलं असेल. गावातही चार दिवस कुजबुज झाली, अण्णांना वाळीत टाकायची भाषा झाली. पण कुठला नियम मोडला हे कुणाला नीट सांगता येईना. सोमवारी अण्णांचा बैल तर कुणी जुपला नव्हता. अक्कांनी मात्र त्यांना त्या दिवशी घरात घेतलं नाही. अंगणातच घागरींनी आंघोळ घातली, आणि बैलाचं काम केलंय तर बैलासारखंच जेवा म्हणून त्यांचं ताट गोठ्याच्या दारात नेऊन ठेवलं. अण्णा तिथं पांढऱ्याशेजारी बसून निवांत जेवले.

जोंधळा आला, चांगला आला, पण वाकडा. थंडीभर सगळ्या गावाला दिसत होता. सरळ ओळींच्या रानांमध्ये आपलं एक रान असं की वर चढून बघणाऱ्याला चक्कर यावी. पाळकबाबांनी एकदा प्रभूसाठी वाटा सरळ करण्यावर उपदेश घेतला आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीतून आपल्या रानावर गेली. ते तिथंच अडकले. सगळी मंडळी हसली, तूही. आणि त्या हंगामात तू दर संध्याकाळी अण्णांच्या रानाच्या बांधावरून चालत प्रार्थना करायचीस. त्यांचं पीक आपल्याआधी काढणीला येऊ दे, कणसाला दाणा भरू दे, असं मोठ्यानं, आणि तेही कानडीत. मी विचारलं, देवाशी तू नेहमी मराठीत बोलतेस ना? तू म्हणालीस, देवाला समदं कळतंय, पर त्यांचं रान कानडी हाय. अण्णा एकदा बाभळीमागं बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, जरा मोठ्यानं म्हण, वरच्या बांधापर्यंत ऐकू जात न्हाई.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी अण्णा गेले. मी तेव्हा लग्न होऊन बीदरला मास्तरीण झाले होते, पण त्या रविवारी योगायोगानं तुझ्याकडं आले होते. आपण खोलीत गीत म्हणत होतो. पाटलाचा माणूस वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. हाळी दिली नाही. खड्डा खणणं ही आपल्या वस्तीची वेठ, आणि वार रविवार. बोलवावं की बोलवू नये हे त्याला कळत नव्हतं. गीत अर्धं झालं असताना तू उठलीस, कोपऱ्यातलं खोरं आणि कुदळ घेतलीस आणि बाहेर पडलीस. तो घाईनं म्हणाला, बाई, तुला बोलावलेलं न्हाई. तू म्हणालीस, मला कुणी बोलावलं न्हाई, मी आपली चालले.

लिंगायत मेलेल्या माणसाला पुरतात, बसवून, म्हणून खड्डा खोल लागतो. तू खणत होतीस आणि मी माती उपसत होते. पाळकबाबा मागून आले, कोट काढून त्यांनी टोपलं धरलं. त्यांनी जन्मात टोपलं धरलं नव्हतं, निम्मी माती परत खड्ड्यात पडत होती. तू त्यांना ओरडलीस, आम्हाला सगळ्यांना हसू आलं आणि हसताहसता तू कुदळ टाकून मटकन खाली बसलीस आणि रडलीस. तसं तू बापासाठीही रडली नव्हतीस. अक्का काठावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आज तुमचा रविवार न्हवं?

“त्यांच्यामुळंच ऱ्हायलाय, अक्का,” तू म्हणालीस, आणि परत कुदळ घेतलीस.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा मुलगा दारात आला. वस्तीत, उंबऱ्यापर्यंत. म्हणाला, आमच्या घरात दुखवटा आहे, आमचाही बैल रिकामा आहे, जोडी तुझ्या रानात ने. तू त्याला सांगितलंस, आज सोमवार हाय. तेव्हापासून तू दोन्ही वार पाळलेस, मरेपर्यंत. पुढं तांबडा गेला, वेठ गेली, राज्य गेलं, रान विकलं. तू गेलीस. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच सोमवारी मी सुईत दोरा ओवायला घेतला आणि खाली ठेवला. आताच्या पाळकांना हे कळलं तर ते मला पहिल्या आज्ञेपासून, दुसरा देव मानू नकोस इथपासून, शिकवायला बसतील. सोमवार मी कुठल्या देवासाठी पाळते, हे मलाही नीट सांगता येणार नाही. रविवारी मी प्रार्थना करते. सोमवारी मला अण्णांचा उघडा खांदा आणि मातीत पडलेली ती घोंगडी दिसते, आणि तीही प्रार्थनेसारखीच वाटते. माझा विश्वास खरा आहे अव्वा, तुझ्याच पोटचा आहे, फक्त त्याची ओळ थोडी वाकडी गेली आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुला वाचता येत नाही आणि अण्णांना कानडीशिवाय दुसरं वाचता येत नाही. तिथं तुम्ही दोघं हे हातात घेऊन तांबड्याला दाखवत बसाल. गादीखाली ठेवते. आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत. उद्या त्या बाया चौकशीला येतील, तेव्हा मी सांगणार आहे की त्यांच्या प्रार्थनेनं गुण आला. दर आठवड्याला येतो. मंगळवारी माझे गुडघे अगदी बरे असतात.